ज्वालामुखींच्या धोक्यांवर संशोधन : वडोदऱ्याच्या मुलीने ही वाट धरावी का?

शुभांगी_रावपुरा

नमस्कार मंडळी. आमची मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात भूशास्त्राच्या एमएससीच्या शेवटच्या सत्रात आहे. पुढे तिला पीएचडी करायची आहे आणि विषय तिने मनाशी पक्का केला आहे. ज्वालामुखीच्या परिसरात राहणाऱ्या लोकांपर्यंत धोक्याचा इशारा कसा पोहोचतो, उद्रेकानंतर त्यांची शेती, पाणी आणि चरितार्थ दीर्घकाळ कसा टिकतो, आणि या शास्त्रात ज्यांना आजवर फारसा शिरकाव मिळाला नाही, म्हणजे डोंगरावरचे आदिवासी, स्त्रिया, अपंग विद्यार्थी, त्यांना बरोबर घेऊन हे काम कसे करता येईल, हे तिला शोधायचे आहे. ती या विषयावर बोलू लागली की ऐकत राहावेसे वाटते.

पण तिचे वडील आणि मी, आम्ही दोघेही बँकेत नोकरी केलेली माणसे. आमच्या नात्यात कोणी संशोधनाकडे गेलेले नाही, त्यामुळे तिला काय सांगावे ते कळत नाही. अशा विषयात अध्यापनाचे आणि संशोधनाचे आयुष्य उभे राहते का? आपल्या देशात त्याला जागा आहे का, की कायमचे बाहेरच राहावे लागते? आणि मुख्य विज्ञानाला शाश्वतता आणि सर्वसमावेशकता हे दोन सामाजिक विषय जोडल्याने तिचे काम भक्कम होईल की विस्कळीत होईल? या क्षेत्रातल्या किंवा जवळच्या क्षेत्रातल्या मंडळींनी मोकळेपणाने लिहावे. मुलगी हा धागा वाचणार आहे.

मांडवीकर

शुभांगीताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. भारतात जागृत ज्वालामुखी एकच आहे, अंदमानातले बॅरन बेट. ते पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटर दूर आहे आणि तिथे मनुष्यवस्ती नाही. ज्या धोक्यात आपल्याकडे कोणी राहतच नाही, त्यावर आयुष्य घालवायचे म्हणजे पहिल्या दिवसापासून परक्या देशांच्या अनुदानावर अवलंबून राहायचे. तिला संकटांचाच अभ्यास करायचा असेल तर २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप आपल्या दारातला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहराच्या केवढ्या भागात शिरले होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या कामाला इथे नोकरीही मिळेल आणि त्याचा आपल्या माणसांना उपयोगही होईल.

प्रतापनगरवाला

आपल्या जवळच्या पावागडचा डोंगरच मुळी ज्वालामुखीच्या खडकांचा आहे, हे इथे कोणीतरी लिहायला हवे होते.

निवृत्त_भूवैज्ञानिक

प्रतापनगरवाला, बरोबर लिहिलेत. पावागड हा दख्खनच्या महाउद्रेकांच्या काळातला, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे आज उद्रेकाचा काहीही धोका नाही. गडावर कालिकामाता जागी आहे, ज्वालामुखी मात्र केव्हाच विझून गेला आहे. शिकणाऱ्याला मात्र हा डोंगर फार देऊन जातो. खालच्या भागात बेसाल्टचे थर आहेत आणि माथ्याकडे रायोलाइट, दोन्ही ज्वालामुखीचेच खडक. बेसाल्टचा रस, म्हणजे वितळलेला खडक, पातळ असतो, त्यातला वायू सहज निसटतो आणि लाव्हा दूरवर वाहत जातो. रायोलाइटच्या रसात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जास्त, त्यामुळे तो मधाहूनही कितीतरी घट्ट होतो, वायू आत कोंडून राहतो आणि सुटतो तेव्हा डोंगर फोडून सुटतो. ज्वालामुखीच्या धोक्याचा अर्धा अभ्यास या फरकावर उभा आहे, आणि वडोदऱ्याचा विद्यार्थी तो सकाळी निघून संध्याकाळपर्यंत डोळ्यांनी पाहून परत येऊ शकतो.

मांडवीकरांच्या बॅरन बेटाच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. ते बेट १८३२ नंतर दीडशेहून अधिक वर्षे शांत होते आणि १९९१ मध्ये पुन्हा जागे झाले. त्यानंतर तिथे अनेकदा उद्रेक झाले आहेत. वस्ती नाही हे खरे, पण त्या आकाशातून विमाने जातात, आणि जेट इंजिनात शिरलेली राख आतल्या उष्णतेने वितळून पात्यांवर काचेसारखी चिकटते. बॅरनच्या राखेचे इशारे आज ऑस्ट्रेलियातल्या डार्विन येथील केंद्रातून विमानांना दिले जातात. आपल्या एकमेव जागृत ज्वालामुखीची राख ओळखणारी, तिच्या ढगाचा माग काढणारी अधिक माणसे आपल्याकडे तयार झाली, तर त्यात देशाचे हितच आहे.

कातळरेषा

मी मूळची वडोदऱ्यातल्या दांडियाबाजारची. गेली बरीच वर्षे परदेशातल्या एका विद्यापीठात ज्वालामुखींच्या धोक्यांवर शिकवते आणि संशोधन करते. ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

हा विषय जितका डोंगराचा आहे तितकाच डोंगराखालच्या माणसांचा आहे, आणि हे आम्हाला फार मोठी किंमत मोजून कळले. कोलंबियातल्या नेवादो देल रुईझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री उद्रेक झाला. उद्रेक तसा लहान होता, पण त्याने माथ्यावरच्या बर्फाचा काही भाग वितळला, त्या पाण्यात राख आणि दगड मिसळले आणि चिखलाचे लोट दऱ्यांमधून खाली धावले. आर्मेरो हे गाव ज्वालामुखीच्या तोंडापासून सत्तर किलोमीटरहून दूर होते. लोट तिथे पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, म्हणजे उंचावर चढून जाण्याइतका वेळ होता. तरीही त्या रात्री एकूण सुमारे २३ हजार माणसे गेली. धोक्याचा नकाशा आधीच्या महिन्यातच तयार झालेला होता आणि त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेले होते. १८४५ मध्ये त्याच दरीतून आलेल्या लोटाने माणसे मेली होती, आणि गाव त्याच जुन्या गाळावर वसलेले होते.

नकाशा बरोबर होता आणि माणसे मेली. या एका वाक्यापाशी माझ्या पिढीचे संशोधन सुरू होते. नकाशा कोणी वाचला, कोणाला तो वाचता आला नाही, खर्चिक स्थलांतराचा निर्णय घ्यायला कोण कचरले, संध्याकाळी राख पडू लागली तेव्हा लोकांना घरात थांबायला कोणी सांगितले, हे प्रश्न चिखलाच्या वेगाइतकेच शास्त्रीय आहेत. या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने इतर देशांना ज्वालामुखीच्या संकटात तांत्रिक मदत देणारे एक पथक सुरू केले, आणि ते आजही काम करते.

आता करिअरविषयी. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या मुदतीची कंत्राटी पदे एकामागून एक करावी लागतात, बहुधा वेगवेगळ्या देशांत, आणि कायम पद मिळेपर्यंत घर, लग्न, आईवडिलांचे आजारपण यांचा मेळ घालणे अवघड जाते. हे मी लपवणार नाही. ज्यांना काम मनापासून आवडते त्यांनीच यात यावे, आणि ज्या घरांचा पाठिंबा आहे त्यांच्या मुलांना ते सोपे जाते, हेही तितकेच खरे.

गणिती_कारेलीबाग

कातळरेषा यांचे लिखाण उत्तम आहे, पण मूळ प्रश्नाच्या तिसऱ्या भागावर मला वेगळे म्हणायचे आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो. धोक्याचा अभ्यास म्हणजे शेवटी प्रवाह, उष्णता, दाब आणि संभाव्यता यांचे गणित आहे. शाश्वतता आणि सर्वसमावेशकता हे मोलाचे विचार आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण एका प्रबंधात तीन विषय घेतले की तिन्ही वरवरचे राहण्याची भीती असते. मुलगी तरुण आहे. तिने आधी चिखललोटाची गणिती प्रतिकृती तयार करायला शिकावे, उपकरणे हाताळावीत, आणि नाव झाल्यावर सामाजिक प्रश्नांकडे वळावे. परीक्षक प्रबंधातली समीकरणे तपासतात, सद्‍हेतू तपासत नाहीत.

कातळरेषा

गणितीजी, पायाभूत गणिताबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. पण हे प्रश्न नंतरसाठी ठेवता येतात, हे मला मान्य नाही, आणि त्याला कारण फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचे आहे.

१९९१ मध्ये पिनातुबोच्या उतारांवर आयता नावाचे आदिवासी राहत होते. एप्रिलच्या सुरुवातीला डोंगरावर वाफेचे स्फोट झाले, तेव्हा शास्त्रज्ञांपर्यंत बातमी पोहोचवली ती आयतांमध्ये काम करणाऱ्या एका ख्रिस्ती साध्वीने. त्यानंतर भूकंपमापक बसवले गेले, गंधक डायऑक्साइड मोजला गेला, धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या गेल्या. कात्या आणि मॉरिस क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याने तयार केलेली चित्रफीत अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली गेली, कारण नुसत्या शब्दांनी कोणाला विश्वास वाटत नव्हता. ते दोघे स्वतः ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर मृत्युमुखी पडले. १५ जूनला पिनातुबोचा महाउद्रेक झाला, तोपर्यंत हजारो लोक बाहेर पडलेले होते. ज्वालामुखीच्या अंदाजाचे हे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणून शिकवले जाते, आणि ते यश खरेच आहे.

पण याच यशाच्या पोटात दुसरी गोष्ट आहे. डोंगरावरून वाचून खाली आलेल्या आयतांची अनेक मुले नंतर छावण्यांमध्ये गोवर, अतिसार आणि न्यूमोनियाने दगावली. गर्दी होती, पाणी अपुरे होते, आणि ज्या सरकारी आरोग्यव्यवस्थेशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. प्रवाहाच्या समीकरणाला ही मुले दिसत नाहीत. इंडोनेशियातल्या मेरापीवर २०१० मध्ये लाखो लोकांना हलवले गेले, तरी अनेक जण गुरांना चारापाणी करायला पुन्हा वर जात होते. कॅरिबियनमधल्या माँतसेराट बेटावर २५ जून १९९७ च्या उद्रेकात जी १९ माणसे गेली, त्यांतली कितीतरी बंदी असलेल्या भागात आपली शेती पाहायला गेलेली होती. संशोधनाच्या पहिल्या दिवशी हा प्रश्न विचारला तर छावणीची जागा, गोठ्याची सोय आणि परतीचे वेळापत्रक हे सगळे धोक्याच्या नकाशातच येते.

छोटाउदेपूरची_शिक्षिका

या चर्चेत आमच्या भागाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी माहेरची वडोदऱ्याची, नोकरी छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत. आमच्याजवळ आंबाडुंगर आहे. निवृत्त_भूवैज्ञानिक काका सांगतीलच, पण थोडक्यात, हाही दख्खनच्या काळातला ज्वालामुखीचाच अवशेष, कार्बोनेटाइट नावाच्या दुर्मीळ खडकाचा, आणि इथला फ्लोरस्पार, म्हणजे फ्लोरिन असलेले खनिज, देशभर प्रसिद्ध आहे. आता दुर्मीळ मृदा धातूंसाठीही या डोंगराकडे लक्ष वळले आहे, कारण पवनचक्क्यांच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या चुंबकांना ते धातू लागतात.

आमच्या वर्गात बहुतेक मुले राठवा समाजाची आहेत. या डोंगराबद्दल अभ्यासक येतात, नमुने नेतात, लेख लिहितात. पण डोंगराच्या पायथ्याच्या मुलाला हा डोंगर कसा तयार झाला हे त्याच्या भाषेत सांगणारे कोणी माझ्या पाहण्यात नाही. आमच्या जिल्ह्यात पाण्यातल्या फ्लोराइडचा त्रास आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात आणि ती हसताना तोंडावर हात धरतात. खडक, पाणी आणि दात यांचा संबंध जिने समजून घेतला आहे अशी भूशास्त्रज्ञ आमच्या शाळेत आली, तर तिला मी सर्वसमावेशक भूविज्ञान म्हणेन. कोणत्या विहिरीचे पाणी गुरे पीत नाहीत, पावसाळ्यात कोणता उतार घसरतो, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका प्रत्येक फळियात (वस्तीत) आहेत. त्यांना कोणी विचारलेले मी पाहिले नाही.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. त्याच संस्थानाच्या मातीतली मुलगी ज्ञान दूरच्या माणसापर्यंत न्यायचे म्हणते आहे, तेव्हा ताई, तिला अडवू नका.

कातळरेषा

फ्लोराइडचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. १७८३ मध्ये आइसलँडच्या लाकी भेगेतून आठ महिने लाव्हा आणि वायू बाहेर पडत होते. राखेबरोबर आलेल्या फ्लोरिनमुळे गवत विषारी झाले, जनावरे मेली आणि नंतरच्या दुष्काळात देशाची सुमारे पंचमांश लोकसंख्या गेली. लाव्हाखाली सापडून मरणाऱ्यांपेक्षा उपासमारीने मरणारे कितीतरी जास्त होते. चारा, पाणी आणि माती पुन्हा केव्हा वापरण्याजोगी होते, हा ज्वालामुखीच्या संदर्भातला शाश्वततेचा खरा प्रश्न आहे, आणि आंबाडुंगरजवळ पाण्याचे नमुने घ्यायला शिकलेली मुलगी त्यासाठी उत्तम तयार झालेली असेल.

सयाजीबाग_सकाळ

मी या धाग्यावर थोड्या वेगळ्या कारणाने लिहीत आहे. लहानपणापासून मी चाकांची खुर्ची वापरतो. बारावीनंतर मला भूशास्त्र घ्यायचे होते. एका महाविद्यालयात (नाव लिहीत नाही) प्रवेशाच्या वेळीच सांगण्यात आले की क्षेत्रभेटी अनिवार्य आहेत, डोंगर चढावे लागतात, तेव्हा आपण दुसरा विषय पाहावा. मी संगणकशास्त्र घेतले. काम चांगले चालले आहे. पण पावागडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून गाडी जाते तेव्हा त्या थरांकडे पाहून आजही प्रश्न पडतात आणि ते विचारायला कोणी नसते.

नंतर वाचनात आले की इंटरनॅशनल असोसिएशन फॉर जिओसायन्स डायव्हर्सिटी ही संस्था २००८ पासून अपंग विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यात सामावून घेण्यासाठीच काम करते. गाडी जिथवर जाते तिथला खडकाचा छेद निवडणे, गटातल्या काहींनी कड्याजवळ जाऊन कॅमेऱ्यातून थेट चित्र पाठवणे आणि इतरांनी त्यावरून नोंदी व निष्कर्ष काढणे, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या संगणकावर उपलब्ध करणे, अशा त्यांच्या पद्धती आहेत. रंगांधळ्या विद्यार्थ्याला लाल-हिरवा नकाशा वाचता येत नाही, आणि धोक्याचे अनेक नकाशे तर लाल-हिरव्या रंगांतच छापले जातात. म्हणजे वर्गात जो मुलगा मागे पडतो, तोच गावात धोक्याच्या वेळी मागे पडतो.

गणितीजी, सामाजिक प्रश्न नाव झाल्यावर घ्यावेत असे आपण लिहिलेत. माझा प्रवेश त्याच दिवशी हुकला होता. कोणाचे नाव होईपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता.

गणिती_कारेलीबाग

सयाजीबाग_सकाळ, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. आपल्याला ज्यांनी परत पाठवले त्यांनी विज्ञानाचेही नुकसान केले, याबद्दल मला शंका नाही. माझा आग्रह आता एवढाच आहे की मुलीने जो सामाजिक प्रश्न घ्यावा, तो मोजता येण्याजोगा घ्यावा. उदाहरणार्थ, एकाच धोक्याचे दोन नकाशे, एक रंगांवर आधारलेला आणि एक ठळक रेषा, खुणा व उंचीच्या चित्रणावर आधारलेला, एकाच गावातल्या लोकांना दाखवून कोणता अचूक वाचला गेला हे तपासता येते. यात संख्याशास्त्र भरपूर आहे आणि असा प्रबंध कोणाला वरवरचा म्हणता येणार नाही.

मांडवीकर

चर्चा उत्तम चालली आहे, पण ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. नोकरीचे काय? कच्छ आणि विश्वामित्रीबद्दल मी लिहिले त्यालाही अजून उत्तर नाही.

उपग्रहवाचक

मांडवीकर, उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी अहमदाबादला उपग्रहीय रडारच्या माहितीवर काम करतो. ज्वालामुखीच्या पोटात रस भरू लागला की डोंगर काही सेंटिमीटर फुगतो, आणि दोन वेगळ्या दिवशी घेतलेल्या रडारच्या प्रतिमा एकमेकींशी ताडून तो फुगवटा मोजता येतो. हेच तंत्र कच्छमधल्या भूकंपाच्या भेगांजवळची हालचाल, हिमालयातले खचणारे उतार आणि भूजल उपशामुळे बसणारी शहरांची जमीन मोजायला वापरतात. ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह दर १२ दिवसांनी पृथ्वीवरच्या जवळजवळ सगळ्या जमिनीची अशी पाहणी करण्यासाठी आहे, आणि त्यातला भारताचा एस पट्ट्यातला (ठरावीक तरंगलांबीचा) रडार अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झाला. ज्या मुलीला पिनातुबोची फुगवण वाचता येते, तिला कच्छचीही वाचता येते. त्यामुळे ज्वालामुखी की भूकंप अशी निवड आत्ताच करण्याची गरज नाही.

गांधीनगरला भूकंप संशोधन संस्था आहे, अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे. एमएससीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प किंवा उन्हाळी प्रशिक्षण यांपैकी एखाद्या ठिकाणी मिळवावे. पायथन ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्र हे दोन्ही आतापासून पक्के करावे.

निवृत्त_भूवैज्ञानिक

नोकरीबद्दल मी लिहितो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ ची संस्था आहे. तिथे आणि केंद्रीय भूजल मंडळात भरती लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून होते. मुलीने ती परीक्षा द्यावीच, पीएचडीचा विचार पक्का असला तरीही. संशोधनासाठी नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडे मिळते, म्हणजे घरावर भार न टाकता चार-पाच वर्षे काम करता येते. बेसाल्टचे ज्ञान तर आता नव्या कारणाने मोलाचे झाले आहे. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला गेला आणि दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग खनिजरूपाने दगड झाला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपले दख्खनचे पठार आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे. त्याच्या क्षमतेचा अभ्यास आपल्याकडेही सुरू आहे आणि त्याला माणसे लागणार आहेत.

स्त्रियांबद्दल एक गोष्ट नमूद करतो, कारण आईवडिलांच्या मनात ती असणारच. सुदीप्ता सेनगुप्ता या भूशास्त्रज्ञ आणि नागपूरच्या अदिती पंत या सागरशास्त्रज्ञ १९८३ मध्ये भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. त्याआधी आपली कोणतीही स्त्री त्या मोहिमेत गेलेली नव्हती. खाणींच्या १९५२ च्या कायद्याने स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास मनाई होती, आणि तांत्रिक व देखरेखीच्या पदांवर ती मुभा मिळायला २०१९ साल उजाडावे लागले. माझ्या नोकरीच्या काळात हुशार मुली परीक्षा उत्तीर्ण होऊन येत, आणि तंबूची, शौचालयाची, जीपची सोय नाही या कारणाने त्यांना टेबलावरच्या कामाला बसवले जाई. ते पाहून वाईट वाटे. आज परिस्थिती सुधारली आहे, पुरेशी नाही. म्हणूनच या विषयावर अभ्यासपूर्वक लिहिणारी मुलगी मला हवी आहे.

रावपुऱ्याची_लेक

सर्वांना नमस्कार. मी शुभांगीताईंची मुलगी. धागा पहिल्यापासून वाचला आणि आई-बाबांनीही वाचला. काल रात्री जेवताना आम्ही तिघांनी प्रथमच या विषयावर नीट बोलणे केले, त्यासाठी सर्वांचे आभार.

गणितीकाकांच्या सूचनेमुळे माझ्या मनातला विषय नेमका झाला. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या ला सुफ्रिएर ज्वालामुखीचा ९ एप्रिल २०२१ रोजी मोठा स्फोट झाला. त्याच्या आदल्या दिवशी सरकारने उत्तरेकडचा भाग रिकामा करण्याचा आदेश दिला आणि हजारो लोक वेळेत बाहेर पडले, स्फोटात थेट कोणी दगावले नाही. तिथली निरीक्षणे वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या भूकंप संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केली, जे त्या प्रदेशातलेच आहेत आणि रेडिओवरून लोकांशी रोज बोलत होते. आर्मेरो आणि सेंट व्हिन्सेंट यांच्यात उपकरणांचा फरक आहेच. पण इशारा देणारा माणूस आपला आहे, आपल्या बोलीत बोलतो आहे, याचा वाटा किती, हे मला तपासायचे आहे. त्याबरोबर पावसाने राख वाहून येण्याचा धोका दाखवणारे नकाशे वेगवेगळ्या वाचकांना कितपत समजतात, हे मोजायचे आहे.

शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी मी आंबाडुंगर परिसरातल्या पाण्याचा विषय मागणार आहे. शिक्षिकाबाई, आपल्या शाळेत येऊन मुलांशी बोलायला मला आवडेल, आणि फळियातल्या आजींनाही भेटायचे आहे. सयाजीबाग_सकाळ दादा, पावागडच्या रस्त्यावरून गाडीतूनच नीट दिसतील असे खडकांचे छेद शोधून मी एक मार्गदर्शिका तयार करते आहे. तुम्ही बरोबर आलात तर काय दिसते आणि काय दिसत नाही ते नेमके कळेल. मांडवीकर काका, विश्वामित्रीच्या पुराचे इशारे कोणाला कसे मिळाले, याची विचारपूस मी आमच्याच सोसायटीपासून सुरू केली आहे.

सयाजीबाग_सकाळ

येईन. पावसाळा संपला की कळव, गाडी माझी.

शुभांगी_रावपुरा

सर्वांचे मनापासून आभार. तिचे वडील आता लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची माहिती काढत आहेत आणि बाहेरच्या विद्यापीठांच्या अर्जांनाही त्यांची हरकत राहिलेली नाही. कातळरेषाताई, एकच विचारते. मार्गदर्शक निवडताना तिने काय पाहावे?

कातळरेषा

ताई, हे तिलाच लिहिते. बाळ, मार्गदर्शकाचे नाव किती मोठे आहे ते नंतर पाहा. आधी त्यांचे गेल्या काही वर्षांतले लेख काढ आणि ज्या देशात काम झाले तिथल्या वेधशाळेतल्या लोकांची नावे लेखकांमध्ये आहेत का ते बघ. बाहेरून यायचे, नमुने आणि माहिती गोळा करायची, निघून जायचे आणि स्थानिकांचे आभार शेवटच्या परिच्छेदात मानायचे, ही पद्धत आमच्या क्षेत्रात अजून पुष्कळ आहे. तुझा विषय पाहता अशा गटात तू गुदमरशील.

मग पत्रात स्पष्ट विचार की गोळा केलेली माहिती कोणाकडे राहते, स्थानिक भाषेत निष्कर्ष परत देण्यासाठी अनुदानात तरतूद आहे का, दुभाष्याचे मानधन कोण देते. क्षेत्रकार्यात सुरक्षिततेचे लेखी नियम आहेत का आणि छळाची तक्रार मार्गदर्शकाला वगळून कोणाकडे करता येते, हेही विचारायला संकोचू नकोस. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समज. त्यांच्या सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांशी, विशेषतः जे मध्येच सोडून गेले त्यांच्याशी, स्वतंत्रपणे बोल.

अर्जासोबत आंबाडुंगरच्या पाण्याचे मोजमाप आणि सोसायटीतल्या पूर-इशाऱ्यांची विचारपूस, दोन्ही जोड. नकाशांच्या चाचणीसाठी किती लोकांना विचारावे लागेल, याचा हिशेब गणितीजींकडून आधी करून घे, कारण पहिला प्रश्न तोच येईल. पत्राचा मसुदा झाला की मला व्यक्तिगत संदेशातून पाठव, मी वाचून दुरुस्त्या कळवते.